राखून ठेवलेला डाव

तालमीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक मात्र राखून ठेवतो. पठ्ठ्या उद्या अंगावर आलाच, तर तो डाव कामाला येतो. आमच्या कोल्हापूर भागात ही गोष्ट वस्तादाच्या शहाणपणाची म्हणून सांगितली जाते, आणि मीही ती तशीच ऐकत मोठा झालो. मैदानाच्या कामात पडल्यावर मात्र तिचा हिशेब मांडावासा वाटू लागला. दर पिढीने एकेक डाव राखला, तर पाचव्या पिढीच्या हातात काय उरतं?

मी शेतकीचा पदवीधर. 2009 पासून एका शिक्षणसंस्थेचं क्रिकेट मैदान सांभाळतो. हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे गवत कापायचं का?" हो, गवत कापायचं. पण त्या गवताचं नाव ऐकलं की शेतकरी माणूस हसतो, कारण ते गवत म्हणजे हरळी. हरळीच्या काशा वेचण्यात माझ्या आजोबांची निम्मी हयात गेली, आणि तीच हरळी जगवण्याचा मला पगार मिळतो. गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि शेतात शिव्या खाते ती हरळी, वनस्पतिशास्त्राच्या लेखी दोन्ही एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या मैदानांवर हीच, किंवा हिच्यापासून तयार केलेले संकरित वाण, 'बर्म्युडा ग्रास' या नावाने अंथरलेले असतात. तुडवली तरी मरत नाही, कापली तरी आडवी पसरते, जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून चालते. शेतात जो दोष, तोच इथे गुण.

खेळपट्टीचंही तसंच उलटं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की माती भुसभुशीत हवी, तिच्यात हवा खेळती हवी. खेळपट्टीसाठी चिकणमातीचं प्रमाण भरपूर असलेली माती घ्यायची, आणि बावीस यार्ड लांब, दहा फूट रुंद अशा पट्ट्यात ती रोलरने इतकी दाबायची की टप्पा पडलेला चेंडू उसळून आला पाहिजे. तरीही तिच्यातली हरळीची मुळं जिवंत ठेवायची, कारण मुळंच माती धरून ठेवतात आणि खालची ओल सारखी वर ओढून घेतात. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. वानखेडेवर असते तसली लाल माती वेगळी वागते, तिच्यावर चेंडू जास्त उसळतो. एका मैदानाचं वेळापत्रक दुसऱ्याला चालत नाही. कधीकधी एकाच मैदानावरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांनाही चालत नाही.

रोलर केव्हा फिरवायचा, हा या कामातला कळीचा प्रश्न. माती ओली असताना फिरवला तर वरचा थर रोलरला चिकटून उचलला जातो. वाळल्यावर फिरवला तर नुसतं ओझं फिरतं, खाली काही दबत नाही. मधली ती वेळ पुस्तकांत ओलीच्या टक्केवारीत सांगतात. आपल्याकडे तिला शब्द आहे, वाफसा. माझ्या मैदानावर वाफसा आला की नाही हे ठरवायचे मामा.

मामा म्हणजे आमच्या मैदानावरचे सगळ्यांत जुने माळी. प्राचार्यांपासून चौदा वर्षांखालच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी रुजू झालो तेव्हा त्यांना तिथे पंधरा वर्षं झाली होती. पहाटे चप्पल काढून पट्टीवर चालायचे, अंगठा दाबायचे, एखादं ढेकूळ फोडून नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "अजून न्हाई. साडेआठला बघू." साडेआठला माती बरोब्बर तयार असायची. "मामा, कसं कळलं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "कळतंय की." अकरा वर्षं मी हेच उत्तर ऐकलं.

तेव्हा मला वाटायचं, त्यांना सांगता येत नसेल. हाताला कळलेलं तोंडाला येतंच असं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिठाचं माप विचारा, ती सांगेल "अंदाजानं". मामांचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

मुंबईत हे वेगळं असावं. आझाद मैदानावर एकाला लागून एक खेळपट्ट्या आहेत, प्रत्येक क्लबचा तंबू वेगळा, माळी वेगळा. 1948 पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये ओल्या मातीशी झगडणाऱ्या या माळ्यांना शेजारचा काय करतो ते नुसतं मान वळवून दिसतं. जिल्ह्यात शेजारचं टर्फ विकेट चाळीस किलोमीटरवर. तिथला माणूस काय करतो ते कळायला मार्ग नाही, आणि तो सांगेल अशी खात्रीही नाही, कारण दोन्ही संस्थांना जिल्हा संघटनेचे सामने आपल्याकडेच हवे असतात.

या व्यवसायाची चर्चा होते ती काही बिघडलं की. 25 डिसेंबर 1997 ला इंदूरला भारत-श्रीलंका सामना खेळपट्टी धोकादायक म्हणून तीन षटकांत थांबवावा लागला. 27 डिसेंबर 2009 ला दिल्लीच्या कोटला मैदानावर, पुन्हा श्रीलंकेविरुद्धच, तशीच वेळ आली. पट्टी चांगली वागली की श्रेय फलंदाजाचं, वाईट वागली की क्युरेटरचं नाव पेपरात. मधल्या काळात हळूहळू शिकण्याची व्यवस्था उभी राहिली. मोहालीचे दलजित सिंग अनेक वर्षं भारतीय क्रिकेट मंडळाच्या खेळपट्टी समितीचे प्रमुख होते. 2019 मध्ये ते निवृत्त झाले, तोवर क्युरेटरांसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र परीक्षा रुळल्या होत्या. 2011 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची वानखेडेची पट्टी माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी केली, आणि क्युरेटर हा शब्द मराठी पेपरांतही रुळला. मात्र त्या शब्दामागे हातात पाइप धरून उभा असलेला माणूस माळीच राहिला.

अशाच एका कार्यशाळेला मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. तीसेक माणसं. निम्मी माझ्यासारखी पदवीवाली, निम्मी माळीकामातून वर आलेली. पडद्यावर इंग्रजी तक्ते होते. मागच्या रांगेतले लोक वहीत चित्रं उतरवून घेत होते, शब्द नव्हे. दुपारी आम्हाला मैदानात नेलं आणि एका जुन्या सरावपट्टीत फूटभर खोल खड्डा खणायला लावला. तिथे मागची रांग पुढे आली. कापलेल्या मातीची उभी बाजू पाण्याचा हलका फवारा मारून साफ केली, तेव्हा थर दिसले, मुळं कुठवर गेली ते दिसलं, कुठे अडली तेही दिसलं. त्या खड्ड्याभोवती दीड तास जे बोलणं झालं, त्यासाठी मी त्या कार्यशाळेची फी दुप्पट दिली असती. निघताना कुणीतरी सगळ्यांचे नंबर घेतले आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला.

पहिले सहा-सात महिने त्या ग्रुपवर नुसती मिरवणूक होती. हिरवंगार आउटफिल्ड, नव्या मोअरचा फोटो, कुणा खेळाडूबरोबरची सेल्फी, सकाळचे सुविचार. प्रश्न एकही नाही. प्रश्न विचारणं म्हणजे आपल्या पट्टीत खोट आहे हे तीस जणांना सांगणं, आणि त्या तिसांत शेजारच्या मैदानाचा माणूसही असतो. मग एका तालुक्याच्या मैदानावरच्या तरुणाने एक फोटो टाकला. खड्ड्याचा, उभ्या कापाचा. खाली लिहिलं होतं, "बॉल गुडघ्याच्या वर येत नाही. दोन वर्षं झाली. पदाधिकारी म्हणतात माणूस बदलू. काय करू?"

अर्धा दिवस ग्रुप गप्प होता. मग एकाने "रोलिंग वाढवा" म्हटलं, दुसऱ्याने "रोलिंग कमी करा". मी तो फोटो मामांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही तीन वर्सांची तीन माती हाय," ते म्हणाले. "लावा त्याला फोन."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. पुढची चाळीस मिनिटं मामा बोलत होते. अकरा वर्षांत माझ्याशी मातीबद्दल ते सलग चाळीस वाक्यं बोलले नव्हते.

"तू दर वर्सी नवी माती आणतोस आन् गुळगुळीत पट्टीवर टाकतोस, व्हय का न्हाई? मग ती चिकटंल कशी? भाकरीचा पापुद्रा सुटतो बघ, तसा सुटतोय तो थर. बॉल पडतोय पापुद्र्यावर. खाली पोकळी. त्यो उसळंल कशानं?" मग त्यांनी उपाय सांगितला. मे महिन्यात जुना थर खरवडायचा, नुसता झाडायचा नाही, नख घुसेल इतका खडबडीत करायचा. गवताची साठलेली वाळकी तणसं काढून टाकायची. नवी माती चाळून, अगदी पातळ थरात टाकायची. आणि माती त्याच खाणीतली, त्याच जागची हवी. खाण बदलली तर माती वेगळी फुगणार, वेगळी आकसणार, पुन्हा थर सुटणार. "म्हणून एकदा चांगली माती गावली की दोन ट्रॉल्या जास्त घ्यायच्या आन् पत्र्याखाली कोरड्या ठेवायच्या. धा वर्सं पुरवायच्या."

आमच्या रोलरच्या शेडमागे पत्र्याखाली तशी माती आहे. तिच्याबद्दल मी रुजू झाल्या वर्षी विचारलं होतं. तेव्हा मामा म्हणाले होते, "असू दे." राखून ठेवलेला डाव हा होता, आणि तो रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मामा, हे मला कधी बोलला नाही ते?"

त्यांनी राग न आणता उत्तर दिलं. "सायेब, तुमची नोकरी पक्की हाय. मी पंचवीस-सव्वीस वर्सं रोजंदारीवर. माझ्या डोसक्यात जेवढं हाय, तेवढ्यासाठी मला ठेवलंय. ते तुमच्या वहीत उतरलं, तर उद्या दुसरा कुणी वही वाचून काम करंल, आन् शंभर रुपयं कमी घेऊन करंल. त्यो पोरगा लांबचा. त्यो काय माझ्या जागेवर येत न्हाई."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण उत्तर नाही. ज्ञान वाटल्याने वाढतं हे वाक्य भाषणात छान वाटतं, पण ते बोलणाऱ्याचा पगार बहुधा महिन्याच्या एक तारखेला जमा होत असतो. ज्याच्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, त्याच्यासाठी राखलेला डाव हेच नेमणुकीचं पत्र. तालमीतल्या वस्तादाचंही तसंच असेल काय? राजाश्रय गेला की म्हाताऱ्या पैलवानाकडे दुसरं होतं काय?

नंतर मी इतर देशांत हे कसं झालं ते वाचत गेलो. सप्टेंबर 1926 मध्ये अमेरिकेत टोलेडो शहरी गोल्फ मैदानं राखणारे साठेक ग्रीनकीपर जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. हीच पुढे गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंट्सची संघटना झाली. ग्रीनकीपरचा सुपरिंटेंडंट झाला, यात नुसता शब्द बदलला नाही. इंग्लंडमध्ये 1934 मध्ये ग्राउंड्समनची संस्था निघाली, आज ती ग्राउंड्स मॅनेजमेंट असोसिएशन म्हणून ओळखली जाते. बेसबॉल, फुटबॉलच्या मैदानांवर काम करणाऱ्यांनी अमेरिकेत 1981 मध्ये स्पोर्ट्स टर्फ मॅनेजर्स असोसिएशन काढली, तिनेही अलीकडे नाव बदललं. या संस्था परिषदा भरवतात, नियतकालिकं काढतात, प्रमाणपत्रं देतात. पण मला त्यांच्या कामात महत्त्वाचं वाटलं ते हे, की माणसाला आधी एक दर्जा मिळाला, आणि मग त्याला आपलं माहीत असलेलं सांगणं परवडू लागलं. आपण उलट्या क्रमाने जातो. आधी सांग म्हणतो, दर्जाचं नंतर बघू म्हणतो.

सप्टेंबर 2024 मध्ये ग्रेटर नोएडाला अफगाणिस्तान-न्यूझीलंड कसोटी एकही चेंडू न पडता रद्द झाली. मैदान वाळवायला विजेचे पंखे लावलेले, सरावाच्या भागातलं गवत उचलून आणून ओल्या जागी बसवलेलं, असे फोटो देशभर फिरले. 2020 मध्ये गुवाहाटीला पट्टीवर हेअर ड्रायर आणि इस्त्री फिरवली होती, तेव्हाही लोक असेच हसले होते. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणी हसलं नाही. एकाने लिहिलं, "खाली निचरा नसेल तर वर देवसुद्धा पंखाच लावणार." बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमखाली 2017 पासून पाणी खाली खेचून घेणारी नळ्यांची यंत्रणा आहे. ती नसलेल्या ठिकाणी पंखा धरून उभा असलेला माणूस अडाणी नसतो, तो एकटा असतो. त्या संध्याकाळी ग्रुपवर पाच जणांनी आपापल्या आउटफिल्डमधली पाणी साचणारी जागा फोटोसह दाखवली. मिरवणूक संपून बोलणं सुरू झालं, ते तेव्हापासून.

मामांना त्या ग्रुपमधून काही परतही मिळालं. कुणीतरी इंग्लंडकडची मातीच्या गोळ्यांची चाचणी सांगितली. माती भिजवून, मळून सारख्या मापाच्या गोळ्या करायच्या, वाळू द्यायच्या, मग एकेक गोळी वजनकाट्यावर ठेवून वरून दाबायची आणि ती फुटते त्या क्षणी काटा कुठे आहे ते लिहून ठेवायचं. जितका दाब जास्त सोसते तितकी मातीची धरण घट्ट. मामांनी जिमखान्यातला माणसं मोजायचा काटा मागून आणला आणि पत्र्याखालची माती, नदीकाठची माती, वीटभट्टीजवळची माती अशा गोळ्या ओळीने फोडल्या. त्यांचा अंगठा जे सांगत होता तेच काटा सांगत होता. "म्हंजे बरोबर हुतं," एवढंच ते म्हणाले, पण तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

या सगळ्यात अजून एक रांग आहे, तिला तर कार्यशाळेचं आमंत्रणही येत नाही. आमच्या आउटफिल्डमधला लव्हाळा खुरपायला चार बाया येतात. लव्हाळा वरून उपटला तर खालचे गड्डे राहतात आणि दुप्पट उगवतो. तो हरळीत कुठे लपलाय हे त्यांना पानाच्या चकाकीवरून, वाकायच्या आधी कळतं. बेंगळुरूला जॅसिंथा कल्याण यांनी 2024 च्या महिला प्रीमियर लीगसाठी खेळपट्ट्या केल्या. देशातल्या पहिल्या महिला क्युरेटर म्हणून त्यांचं नाव झालं. ती बातमी मी या बायांना वाचून दाखवली. त्यातल्या एकीने विचारलं, "तिला हजेरी किती मिळती?" तिचा प्रश्न बरोबर होता.

2024 च्या आयपीएलनंतर मंडळाने स्पर्धेच्या दहा नेहमीच्या मैदानांवरच्या ग्राउंड्समन आणि क्युरेटरांसाठी मैदानागणिक 25 लाख रुपये जाहीर केले. चांगलं झालं. जिल्ह्यातल्या मैदानांपर्यंत ते पोचायला वेळ लागेल, आणि तोवर आम्ही आमच्यापुरतं एक केलं. गेल्या मे महिन्यात एका रविवारी आजूबाजूच्या मैदानांवरचे चौदा जण आमच्याकडे आले. त्या तरुणालाही बोलावलं होतं. त्याच्या पदाधिकाऱ्यांनी माणूस बदलला नाही, त्याने पट्टी खरवडली आणि आता चेंडू कमरेपर्यंत येतो. जुन्या सरावपट्टीत खड्डा खणला. त्याच्याभोवती आम्ही उकिडवे बसलो आणि मामा बोलले. खुरपणाऱ्या दोघी लव्हाळ्याबद्दल बोलल्या, आधी तोंडावर पदर धरून, मग न धरता. येणाऱ्या प्रत्येकाच्या संस्थेकडून आम्ही शंभर-दोनशे रुपये मागितले होते. ते मानधन म्हणून पाकिटात घालून मामांना आणि त्या दोघींना दिलं, आणि वहीत त्यांची सही घेतली. शिकवल्याचे पैसे मिळाल्याची ती त्यांची पहिली सही.

मी संस्थेकडे एक अर्जही केला आहे. मामांना प्रशिक्षक म्हणून नेमावं, पगारपत्रकावर घ्यावं, निवृत्तीनंतरही दोन वर्षं मानधन द्यावं, असा. अर्जासोबत त्या रविवारच्या हजेरीचा कागद जोडला आहे आणि चौदा मैदानांची नावं. आतल्या माणसाची किंमत बाहेरून कुणी विचारायला आलं की कळते, असा माझा संस्थांबद्दलचा अनुभव आहे. कागद अजून वरच्या टेबलावर आहे. मामा त्याबद्दल विचारत नाहीत.

परवा मात्र त्यांनी माझी वही मागून घेतली. मोठ्या, सुट्या अक्षरांत त्यांनी पत्र्याखालच्या मातीच्या खाणीचा पत्ता लिहिला. खाली लिहिलं, पावसाच्या आधी जावे, ट्रॉलीवाल्याला माझे नाव सांगावे.